उठेल का, डॉक्टर?

"डॉक्टर, गाय उठंना." पशुवैद्यकाच्या फोनवर येणारं हे सगळ्यात नेहमीचं वाक्य. फलटण-माळशिरसच्या पट्ट्यात दारोदार एचएफच्या (होल्स्टीन फ्रिझियन) संकरित गायी आहेत. त्यातली भरपूर दुधाची गाय तिसऱ्या-चौथ्या वेताला व्यायली की पुढचे दोन-तीन दिवस धोक्याचे. कासेत एकदम दूध उतरतं, त्याबरोबर रक्तातलं कॅल्शियम जातं आणि शरीराला ते तेवढ्या वेगाने भरून काढता येत नाही. गाय बसते, मान पोटाकडे वळवते, कान गार पडतात.

अशा वेळी कॅल्शियमची बाटली कोमट पाण्यात धरायची, मानेच्या शिरेत सुई घालायची आणि औषध अगदी सावकाश सोडायचं. स्टेथोस्कोप सगळा वेळ छातीला लावलेला हवा, कारण वेग वाढला तर याच औषधाने हृदय बंद पडतं. बाटली अर्धी होते तोवर मांड्या थरथरू लागतात. ढेकर येतो, गाय शेण टाकते आणि थोड्या वेळाने उभी राहते. घरची म्हातारी माणसं हात जोडतात. डॉक्टरचं गावात नाव होतं ते या एका उपचारामुळे, आणि पुढच्या प्रत्येक बसलेल्या गायीकडून तीच अपेक्षा धरली जाते.

पण बसलेली प्रत्येक गाय कॅल्शियमची नसते. मोठं वासरू ओढून काढताना कटीतल्या नसा दबलेल्या असतात, माकडहाडाजवळ इजा झालेली असते, किंवा गाय रात्रभर ओल्या फरशीवर एकाच कुशीवर पडून राहिल्याने स्वतःच्याच वजनाखाली मांडीचा स्नायू मेलेला असतो. तिला वाळूवर किंवा उसाच्या पाचटावर घ्या, दर दोन-तीन तासांनी कूस बदला, असं मी सांगतो. चार माणसं लागतात. पहिल्या दिवशी गल्ली गोळा होते. तिसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघंच असतात, आणि ऊसतोडीचे दिवस असले तर तीही नसतात.

मग तो प्रश्न येतो, "उठेल का, डॉक्टर?" विचारणारा मालक खरं तर आणखी खर्च करू का, हे विचारत असतो. गाय ऐंशी-नव्वद हजारांची, बहुधा कर्ज काढून आणलेली. 'बघू' म्हटलं की त्याचे आणखी दोन-तीन हजार जातात. 'नाही' म्हटलं की उपचार थांबतात, आणि क्वचित अशी गाय पाचव्या-सहाव्या दिवशीही उठते. तपासणीत नेमकं उत्तर मिळतंच असं नाही. पाय चिमटल्यावर ओढून घेते का, खाते का, डोळ्यात तरतरी आहे का, एवढ्यावर अंदाज बांधायचा आणि एका घराचा हिशेब त्यावर ठरू द्यायचा. या धंद्यातला सगळ्यात मोठा ताण मी यालाच म्हणेन.

'नाही' म्हटल्यानंतर काय, हा प्रश्न त्याहून अवघड. राज्यात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, २०१५ च्या दुरुस्तीने ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. असह्य यातना भोगणाऱ्या जनावराला पशुवैद्यकाच्या दाखल्यावर मुक्ती देण्याची तरतूद १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आहे, पण गावात गायीसाठी हे शब्द उच्चारणारा मालक विरळा. लक्ष्मीला इंजेक्शन देऊन मारलं, हे त्याला आयुष्यभर पुरेल. मी त्याला दोष देत नाही. पण गाय पडून राहते, अंगावर जखमा होतात, त्यात अळ्या पडतात. हाती उरतं ते वेदनाशामक. तेही जपून निवडावं लागतं. स्वस्त आणि सवयीचं डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ मध्येच बंद झालं, कारण ते टोचलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. गिधाडांना सुरक्षित असं मेलोक्सिकॅम उपलब्ध आहे. मरणाऱ्या गायीला आराम द्यायचा आणि तिच्या मढ्यावर येणाऱ्या पक्ष्याचाही विचार करायचा, ही जबाबदारी मला रास्तच वाटते.

दुधाचं गणित रोजचं. कासदाह झालेल्या गायीच्या सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली की औषधाप्रमाणे तीन-चार दिवस तिचं दूध डेअरीला घालायचं नाही. वीस लिटरची गाय, तीस रुपयांच्या आसपास दर. चार दिवसांचे चोवीसशे रुपये गटारात ओता, असंच मी सांगत असतो. वर माझी फी आणि औषधं वेगळी. मालक मान डोलावतो, पण संध्याकाळी संकलन केंद्रावर सगळ्या गायींचं दूध एकाच कॅनमध्ये जातं हे मला माहीत असतं. तिथे पहारा द्यायला मी जाऊ शकत नाही. म्हणून चिठ्ठीवर तारीख घालून लिहितो आणि धारा काढणाऱ्या बाईला समोर बसवून सांगतो. पुरुष ऐकून घेतात, पण कोणत्या सडातलं दूध कोणत्या भांड्यात जातं हे तिच्या हातात असतं. गाय रवंथ करत नाही हेही घरात सर्वांत आधी तिलाच कळलेलं असतं. तिला कोणी विचारत नाही, एवढंच.

आम्ही पोहोचण्याआधी बहुतेक वेळा कोणीतरी येऊन गेलेला असतो. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्येच पाच हजार गोवर्गीय जनावरांमागे एक पशुवैद्यक असावा, अशी शिफारस केली होती. आजही डॉक्टर वेळेवर मिळत नाही, म्हणून कृत्रिम रेतन करणाऱ्या पोरालाच इंजेक्शन द्यायला बोलावतात. "काय दिलं?" विचारलं तर उत्तर येतं, "दोन सुया केल्या, एक पांढरी, एक पिवळी." पांढरं काय असेल, त्यात स्टेरॉईड होतं का, यावर माझा पुढचा डोस ठरायचा असतो. शेवटच्या महिन्यांतल्या गाभण गायीला स्टेरॉईड टोचलं तर ती अवेळी विऊ शकते. त्या पोरावर चिडण्यात अर्थ नाही. रात्री अकराला हाकेला तोच धावतो.

मला स्वतःला खरी भीती वाटते ती लाळ गाळणाऱ्या जनावराची. गाय घोगरं हंबरते, पाणी गिळता येत नाही, तोंडातून लाळेच्या तारा. मालकाला वाटतं, घशात काहीतरी अडकलंय. मी येईपर्यंत दोघातिघांनी कोपरापर्यंत हात घालून पाहिलेलं असतं. महिन्या-दोन महिन्यांपूर्वी पिसाळलेलं कुत्रं आवारात आलं होतं का, हा प्रश्न विचारला की गोठ्यात शांतता पसरते. रेबीजची लक्षणं दिसू लागली की उपचार नाही. आता रुग्ण बदलतात. हात घालणारे, लाळ लागलेले, कच्चं दूध किंवा चीक प्यायलेली पोरं, सगळ्यांची यादी करून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवायचं. कोणी म्हणतं, "कशाला घाबरवताय?" तेव्हा आवाज चढवावा लागतो, आणि तो मी चढवतो. उकळलेल्या दुधाचा धोका नाही, हेही सांगायचं, नाहीतर गावभर दूध ओतून देतात.

विम्याचे दाखले हा आणखी एक जाच. बारा अंकी बिल्ला कानात असलेलीच गाय मेलेली असावी लागते. "एवढा बिल्ला या कानात होता असं लिहा," म्हणणारा माणूस अनेकदा खरोखर अडचणीतला असतो, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्याच गोठ्यात मला जायचं असतं. तरी लिहायचं नाही. खोटा दाखला एकदा दिला की खरा दाखलाही संशयात जातो, आणि मग ज्याची गाय खरोखर गेली त्याचे पैसे अडकतात.

जनावर दगावलं की फी मागायला जीभ रेटत नाही. पेट्रोल, औषध, रात्र, सगळं गेलेलं असतं. मालक स्वतःहून "देतो डॉक्टर, सुगी होऊ द्या" म्हणतो आणि बहुतेक जण देतातही. पण शहाण्या मुलांना या व्यवसायात यायचं असेल तर त्यांना हे आधी कोणीतरी सांगायला हवं. साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमात शस्त्रक्रिया शिकवतात. मेलेल्या गायीशेजारी उभं राहून पैशाचं कसं बोलायचं, हे ज्याचं त्यालाच शिकावं लागतं.

गोठा असणाऱ्यांना एवढंच मागणं आहे. गायीने वैरणीला तोंड लावलं नाही की त्याच दिवशी फोन करा. तालुक्यात डॉक्टर मिळाला नाही तर १९६२ हा फुकटचा क्रमांक आहे. अडलेल्या गायीचं वासरू दहाजणांनी मिळून ओढू नका. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नका. आणि आमच्या आधी कोणी काही टोचलं असेल तर रिकाम्या बाटल्या उकिरड्यात टाकू नका, आम्ही येईपर्यंत जपून ठेवा.