निर्दोष सुटकेचीही किंमत मोजावी लागते
अमेरिकेतील बंदूकधारकांच्या ‘संरक्षण योजना’ आणि त्यांच्या मर्यादा

जिवावर बेतले असता हल्लेखोरावर गोळी झाडणे अमेरिकेतील सर्व राज्यांत काही अटींवर कायदेशीर आहे. मात्र, ती गोळी कायदेशीर होती हे सिद्ध होईपर्यंतचा खर्च कोणी सोसायचा, या प्रश्नातून तेथे एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला आहे. दरमहा वा दरवर्षी ठरावीक वर्गणी भरा, प्रसंग ओढवल्यास वकील आणि जामिनाचे आम्ही पाहू, असे या ‘संरक्षण योजनां’चे आश्वासन असते. ते कितपत खरे ठरते, हे जाणण्यासाठी करारातील बारीक अक्षरांतील अटी वाचाव्या लागतात.

जामिनापासूनच खर्च

अटक झाल्यास पहिला खर्च जामिनाचा. पूर्ण रक्कम भरणे शक्य नसल्यास अनेक राज्यांत खासगी जामीनदाराला साधारण दहा टक्के शुल्क देऊन सुटका मिळवता येते. आरोपी पुढे निर्दोष ठरला, तरी हे शुल्क परत मिळत नाही. फ्लोरिडात २०१२ साली ट्रेव्हॉन मार्टिन या निःशस्त्र मुलाच्या मृत्यूप्रकरणी जॉर्ज झिमरमन याला दहा लाख डॉलरचा जामीन ठरला होता. विस्कॉन्सिनमधील काइल रिटनहाऊस प्रकरणात २०२० साली हीच रक्कम वीस लाख डॉलर होती. दोघेही पुढे निर्दोष सुटले.

त्यानंतर वकील, खासगी तपासनीस आणि शस्त्रतज्ज्ञांची देयके सुरू होतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ मधील ‘गिडियन’ निकालामुळे गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात निर्धन आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. घर आणि थोडीफार शिल्लक असलेला मध्यमवर्गीय बहुधा या निकषात बसत नाही. त्याला ती शिल्लक मोडावी लागते, प्रसंगी घर गहाण टाकावे लागते.

फौजदारीनंतर दिवाणी

फौजदारी खटल्यात आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात मात्र पुराव्याचे पारडे एका बाजूला किंचित झुकले तरी पुरते. बर्नहार्ड गेट्झ याने १९८४ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत चार तरुणांवर गोळ्या झाडल्या. १९८७ मध्ये ज्युरीने त्याला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून मुक्त केले आणि केवळ विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी धरले. परंतु १९९६ मध्ये दिवाणी ज्युरीने जखमी तरुणाला ४ कोटी ३० लाख डॉलर भरपाई देण्याचा निर्णय दिला. गेट्झने दिवाळखोरी जाहीर केली. घराच्या नेहमीच्या विम्यातही हेतुपुरस्सर केलेली इजा सहसा वगळलेली असते.

काही राज्यांनी यावर उपाय केले आहेत. वॉशिंग्टन राज्यात स्वसंरक्षणाच्या कारणावरून निर्दोष सुटलेल्या आरोपीला ज्युरीच्या स्वतंत्र निष्कर्षानंतर राज्य वाजवी खर्च परत देते. फ्लोरिडाच्या २००५ च्या कायद्यानुसार समर्थनीय बळाचा वापर करणाऱ्याला दिवाणी दाव्यापासूनही संरक्षण आहे आणि असा दावा फेटाळला गेल्यास दावेदाराकडून वकिलाचा खर्च मिळतो. सर्वत्र अशी सोय नाही.

विमा की सभासदत्व?

काही योजनांत संस्था स्वतःच्या नावे विमा घेते आणि सभासदांना त्याचा लाभ मिळतो. काही योजना आगाऊ शुल्कावर वकिलांची सेवा देतात. फरक महत्त्वाचा आहे. हेतुपुरस्सर कृत्याचा विमा काढणे सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, असे अनेक राज्ये मानतात.

नॅशनल रायफल असोसिएशनने २०१७ मध्ये ‘कॅरी गार्ड’ ही विमा योजना आणली. न्यूयॉर्कच्या वित्तीय सेवा विभागाने ती बेकायदा ठरवली. २०१८ मध्ये दलाल कंपनी लॉक्टनला ७० लाख, तर विमा कंपनी चबला १३ लाख डॉलर दंड झाला. २०२० मध्ये संघटनेनेही २५ लाख डॉलर भरून तडजोड केली. या प्रकरणी अधिकाऱ्यांनी कंपन्यांवर दबाव आणून भाषणस्वातंत्र्यावर घाला घातला, हा संघटनेचा दावा पुढे चालवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एकमताने मुभा दिली. तथापि, त्या निकालाने योजना कायदेशीर ठरली नाही.

सही करण्यापूर्वी

पैसे आधी मिळणार की निर्दोष सुटल्यावर, हा पहिला प्रश्न. सुटकेनंतर मिळणारी भरपाई खटला सुरू असताना उपयोगी पडत नाही. घटना स्वसंरक्षणाची होती की नाही, हे न्यायालय ठरवणार की कंपनी, हा दुसरा. दोषी ठरल्यास दिलेली रक्कम परत मागण्याची अट आहे काय, वकील निवडण्याचा अधिकार कोणाचा, दिवाणी भरपाई समाविष्ट आहे काय, कुटुंबीयांमधील घटना वा मद्यप्राशन वगळले आहे काय, हेही तपासावे लागते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी आणखी एक बाब आहे. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघराज्य कायद्याने, शिकारीचा वैध परवाना यांसारखे अपवाद वगळता, बंदूक बाळगण्यास मनाई आहे. ग्रीन कार्डधारकास ती बाळगता येते, पण शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरल्यास हद्दपारीची कारवाई होऊ शकते. वकिलाचे देयक योजना भरू शकेल. गेलेले वास्तव्य कोणत्याही वर्गणीने परत मिळत नाही.