संयुक्त वाक्य आणि वाक्यरूपांतर

विचार एकच असला, तरी तो मांडण्याच्या रीती अनेक असतात. पुढील वाक्ये वाचा.

(१) मी दिवसा नोकरी करूनही रात्री अभ्यास करतो.
(२) मी दिवसा नोकरी करतो, परंतु रात्री अभ्यासही करतो.
(३) मी जरी दिवसा नोकरी करत असलो, तरी रात्री अभ्यास करतो.

पहिल्या वाक्यात विधान एकच आहे; ते केवल वाक्य होय. दुसऱ्यात दोन स्वतंत्र विधाने 'परंतु' या अव्ययाने जोडली आहेत. ते संयुक्त वाक्य होय. तिसऱ्यातील पूर्वार्ध एकटा उभा राहू शकत नाही, तो उत्तरार्धावर अवलंबून आहे. म्हणून ते मिश्र वाक्य होय.

संयुक्त वाक्य जोडणारी अव्यये चार प्रकारची आहेत : समुच्चयबोधक (आणि, व, शिवाय), विकल्पबोधक (किंवा, अथवा), न्यूनत्वबोधक (पण, परंतु) आणि परिणामबोधक (म्हणून, सबब). मात्र केवळ अव्यय पाहून वाक्याचा प्रकार ठरवू नये. 'पाऊस पडला म्हणून पेरणी झाली' हे संयुक्त वाक्य आहे. कारण येथे 'म्हणून' परिणाम सांगते. 'पीक चांगले यावे म्हणून तो खत घालतो' येथे तेच अव्यय उद्देश सांगते. म्हणून हे वाक्य मिश्र आहे.

वाक्यरूपांतर करताना रचना बदलते, अर्थ बदलत नाही. दोन्ही क्रियांचा कर्ता एक असेल, तर 'ऊन' प्रत्यय सहज चालतो : 'ती घरी आली आणि अभ्यासाला बसली' – 'ती घरी येऊन अभ्यासाला बसली'. कर्ते भिन्न असतील, तर बहुधा वेगळी रचना योजावी लागते : 'घंटा वाजली आणि मुले बाहेर आली' – 'घंटा वाजताच मुले बाहेर आली'.

अर्थ तोच राहिला, तरी भर बदलतो. आरंभीच्या दुसऱ्या वाक्यात नोकरी आणि अभ्यास यांना सारखेच स्थान आहे. तिसऱ्यात अभ्यास हेच मुख्य विधान आहे. अर्ज किंवा पत्र लिहिताना आपले मुख्य म्हणणे गौण वाक्यात दडून राहणार नाही, याची काळजी घ्यावी. वाक्यप्रकार ओळखण्याचा खरा उपयोग हाच आहे.

स्वाध्याय : कंसातील सूचनेप्रमाणे रूपांतर करा.

१. तो आजारी होता, म्हणून परीक्षेला बसला नाही. (केवल वाक्य करा)
२. सूर्य उगवताच पक्षी किलबिलू लागले. (संयुक्त वाक्य करा)
३. नियमित सराव कर आणि तुला यश मिळेल. (मिश्र वाक्य करा)