सोनेगावची वेस

मुंबईचा समुद्र नागपूरपासून फार लांब. समृद्धी महामार्गच 701 किलोमीटरचा, आणि तो संपल्यावरही मुंबई थोडी पुढेच राहते. देशाच्या मधोमध झिरो माइलचा दगड मिरवणाऱ्या या शहरात देशाची सीमा कुठून येणार? पण येते, आणि तीही एका ठिकाणी नाही, निदान तीन ठिकाणी.

पहिली सोनेगावला. शारजाहून किंवा दोह्याहून आलेलं विमान डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरतं. पासपोर्टवर शिक्का बसतो, पट्ट्यावरून बॅगा येतात आणि समोर दोन वाटा दिसतात, एक हिरवी आणि एक लाल. माणूस केव्हाच विदर्भात पोचलेला असतो. त्याच्या बॅगेतला माल मात्र कस्टम्सच्या हिशेबी अजून वेशीबाहेर उभा असतो. 1962 च्या सीमाशुल्क कायद्याचं कलम 7 सरकारला मुभा देतं, की अधिसूचना काढून कुठलाही विमानतळ मालाच्या आवकजावकीसाठी नेमावा. एका कागदानं देशाच्या मधोमध वेस उभी राहते.

दुसरी वेस अजनीला. न्हावा-शेव्याच्या बंदरात उतरलेला कंटेनर सीलबंद अवस्थेतच रेल्वेनं अजनीच्या कंटेनर डेपोत येऊ शकतो. त्याची तपासणी आणि शुल्कभरणा तिथंच होतो. म्हणजे गाडी कसारा घाट चढून, अख्खा महाराष्ट्र ओलांडून आली, तरी आतला माल कायद्यानं ‘आत’ आलेला नसतो.

तिसरी सगळ्यात चक्रावणारी, मिहानमधली. तिथल्या विशेष आर्थिक क्षेत्रात टीसीएस आहे, इन्फोसिस आहे, विमानांची देखभाल करणारं केंद्र आहे. वर्धा रोडवरून हजारो नागपूरकर रोज सकाळी तिकडे कामाला जातात आणि संध्याकाळी घरी जेवायला येतात. 2005 च्या सेझ कायद्याचं कलम 53 मात्र सांगतं, की मंजूर कामांपुरतं हे क्षेत्र भारताच्या सीमाशुल्क हद्दीबाहेर समजावं. तिथून एखादा यंत्रभाग धंतोलीतल्या गिऱ्हाईकाला विकला, तर तो परदेशातून आयात केल्यासारखं शुल्क लागतं.

देशाच्या पोटात वेस घालण्याची कल्पना नवी नाही. मिठावरचा कर बुडू नये म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानभर एक जकातरेषा आखली होती. 1869 च्या सुमारास ती सिंधू नदीपासून महानदीपर्यंत, सुमारे 2,300 मैल पसरली होती आणि जवळपास 12,000 माणसं तिच्यावर पहारा देत. बऱ्याच भागांत ही रेषा म्हणजे चक्क कुंपण होतं, बाभूळ, बोरी, निवडुंग यांचं माणसाहून उंच वाढलेलं. ती मध्य प्रांतातूनही जाई, आणि नागपूर ही त्याच प्रांताची राजधानी. ही रेषा सांभाळणाऱ्या खात्याचे एक आयुक्त होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. 1879 मध्ये ती रेषा मोडली. काट्यांची गरज उरली नाही. आता कलमं पुरतात.

मग ही अदृश्य कुंपणं नेमकं काय अडवतात? त्यामागचं तत्त्व साधं आहे: वस्तू जिथं वापरली जाणार, तिथं तिच्यावर कर बसावा. जीएसटी किंवा व्हॅट हा वापरावरचा कर. वस्तू देश सोडून निघाली, की त्या देशाचा तिच्यावरचा हक्क संपतो. म्हणूनच सीमेवर येताना वस्तू जुन्या देशाचा कर उतरवते आणि सीमा ओलांडताना नव्या देशाचा कर चढवते, सासरी निघालेल्या मुलीनं माहेरच्या रेशनकार्डावरून नाव कमी करून सासरच्या कार्डावर घालावं तसं.

शारजात हे डोळ्यांसमोर घडतं. संयुक्त अरब अमिरातीत 1 जानेवारी 2018 पासून 5 टक्के व्हॅट आहे, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून पर्यटकांना तो परत मिळतो. समजा आपण 2,100 दिरहमचा फोन घेतला. त्यातले 100 दिरहम व्हॅटचे. दुकानात पासपोर्ट दाखवून खरेदीची नोंद करायची, 90 दिवसांच्या आत देश सोडायचा, आणि विमानतळावर बॅग चेक-इन करण्याआधी त्या नोंदीवर शिक्कामोर्तब करून घ्यायचं. मग 100 पैकी 85 परत मिळतात, त्यातून 4.80 दिरहम सेवाशुल्क वजा. हाती येतात 80 दिरहम 20 फिल्स. खरेदी किमान 250 दिरहमची हवी. दोह्यात हा खटाटोपच नाही, कारण कतारनं व्हॅट लावलेलाच नाही. ब्रिटननं याच्या उलट केलं: लंडनहून सामान नेणाऱ्या पर्यटकाला मिळणारा परतावा 2021 च्या पहिल्या दिवशी बंद केला.

तो फोन सोनेगावला उतरला, की त्याचं नाव नव्या कार्डावर चढायला हवं. पण प्रत्येक भेटवस्तूचा हिशेब मांडत बसलं तर रांग वर्धा रोडपर्यंत जाईल. म्हणून सवलत. 2016 च्या बॅगेज नियमांत परदेशातून विमानानं परतणाऱ्या भारतीयाला 50,000 रुपयांपर्यंतचं सामान शुल्काविना आणता येई. फेब्रुवारी 2026 पासून ही मर्यादा 75,000 झाली. वापरातले कपडे आणि रोजच्या वस्तू त्यात मोजत नाहीत, प्रौढ प्रवाशाचा एक लॅपटॉपही नाही. मात्र नवराबायकोच्या सवलती एकत्र करून दीड लाखाचं एकच घड्याळ आणता येत नाही. सवलत माणसाची असते, कुटुंबाची नाही.

दागिन्यांची कथा आणखी गमतीची. वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्या बाईला चार तोळे आणि पुरुषाला दोन तोळे, असं वजन जुन्या नियमांत होतंच. पण सोबत किमतीचीही अट होती, बाईला एक लाख आणि पुरुषाला पन्नास हजार. सोन्याचा भाव चढत गेला आणि इतवारीच्या सराफ्यात चार तोळे लाखाच्या कितीतरी पुढे गेले, तेव्हा सवलतीचे चार तोळे नुसते कागदावर राहिले. 2026 च्या नियमांनी किमतीची अट काढली आणि नुसतं वजन ठेवलं.

इथून अंगावर दागिने घालून मुलाकडे निघालेल्या आईसाठीही एक तरतूद आहे. जाताना कस्टम्सला दागिने दाखवून निर्यातीचा दाखला घ्यावा. परतताना तोच कागद सांगतो, की हे सोनं मूळचं इथलंच आहे. आणि ज्याला वस्तू भारतात ठेवायचीच नाही, तो सीमाशुल्क कायद्याच्या कलम 80 खाली ती जाहीर करून कस्टम्सच्या ताब्यात ठेवू शकतो आणि जाताना परत घेऊ शकतो. एवढं मात्र ध्यानात असावं, की हिरव्या वाटेनं चालू लागणं हेच ‘माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही’ असं सरकारला सांगणं आहे. तोंड न उघडता दिलेली ही जबानी खोटी ठरली, तर माल जप्त होऊ शकतो आणि दंडही बसतो.

आता गोष्ट उलटी फिरवू. ताडोबाचा वाघ बघून एक परदेशी पाहुणी नागपुरात येते, टसरची करवती साडी घेते आणि सोनेगावहून उडते. साडी आता भारतात नेसली जाणार नाही. तत्त्वानं तिचा जीएसटी परत मिळायला हवा. एकात्मिक जीएसटी कायद्यात त्यासाठी कलम 15 लिहिलेलंही आहे. सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी आलेल्या पर्यटकाची व्याख्या त्यात आहे. त्याच्या शेजारचं कलम 16 निर्यातदाराचं. कंटेनर भरून साड्या धाडणाऱ्या व्यापाऱ्याचा कर त्या कलमानं सुटतो, आणि ते 1 जुलै 2017 ला लागू झालं. त्या दिवशीच्या यादीत कलम 15 नव्हतं. तेव्हापासून ते कागदावरच आहे.

एकच साडी आणि एकच सीमा. पेटीतून गेली तर कर उतरतो, पाहुणीच्या बॅगेतून गेली तर तिच्यासोबत परदेशी जातो. तत्त्व मान्य आहे, कलम छापलेलं आहे, विमानतळ तर आहेच. राहिलंय ते एक अधिसूचना निघणं आणि सोनेगावला एक खिडकी उघडणं.