आधी ओळख, मग काळजी

परिसर अभ्यासाच्या पेपरात ‘झाडांचे पाच उपयोग लिहा’ असा प्रश्न आला, की मुले पाचही उपयोग धडाधड लिहितात. त्याच मुलांना शाळेच्या आवारात नेऊन ‘यातला कडुनिंब कोणता?’ असे विचारले, की बरीच जण एकमेकांकडे पाहू लागतात. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना आम्ही मग सांगतो, की घरातला नीम तोच पुस्तकातला कडुनिंब आणि दादीची मैना म्हणजेच साळुंकी. हे ऐकून मुलांचे चेहरे खुलतात. नाव कळले की ओळख होते. आणि ओळखच नसेल, तर काळजी कोण कशाला घेईल?

आपल्या खान्देशातच याचा मोठा दाखला आहे. रानपिंगळा नावाचे छोटे घुबड 1884 नंतर खात्रीने कोणाला आढळले नव्हते. ते नामशेष झाले, असेच बहुतेकांनी धरले होते. 1997 च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ दिसले. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता. नेहमीच्या पिंगळ्यासारखाच दिसणारा हा पक्षी त्यांना ओळखता आला, कारण संग्रहालयांतले जुने नमुने त्यांनी आधी बारकाईने तपासले होते. ज्याला ओळख असते, त्यालाच दिसते.

दुसरा दाखला साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचा. उजाड झालेले जंगल या आदिवासी गावाने स्वतः नियम करून राखले आणि पुन्हा उभे केले. त्या कामात पुढे असलेले चैत्राम पवार यांना 2025 साली पद्मश्री मिळाली. या गावात वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. बायका रानातून भाज्या आणतात, रांधतात आणि मांडतात. कोणती भाजी कुठे उगवते, कोणता भाग खायचा, हे मुलांच्या कानावर आपोआप पडते. ज्या रानातून ताटात भाजी येते, त्या रानावर कुऱ्हाड चालवायला हात धजत नाही.

आपण शहरातली माणसे. जळगावात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, म्हणून दुपारी मुले घरात आणि हातात मोबाइल. ऊन खरेच आहे, त्यात मुलांना पाठवू नये. पण फजरनंतरचा तास आणि अस्रनंतरची वेळ आपल्या हातात असते. गच्चीवर किंवा खिडकीत मातीचे पसरट भांडे सावलीत ठेवा. ते रोज धुऊन भरण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाला द्या. कोणता पक्षी किती वाजता येतो, हे आठवड्याभरात तोच तुम्हाला सांगू लागेल.

जून-जुलैत कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. मुलांकडून चार-पाच वेचून घ्या, गर धुऊन काढा आणि लगेच मातीत लावा. हे बी फार दिवस टिकत नाही. पुढच्या वर्षासाठी ठेवले तर बहुधा उगवणार नाही. उगवलेल्या रोपाला त्या मुलाचे नाव द्या. वृक्षारोपणाच्या दिवशी फोटोपुरते लावलेल्या रोपाकडे मूल परत फिरकेल न फिरकेल. हे रोप मात्र ते रोज सकाळी पाहायला जाते.

पाण्याचा धडा तर नमाजबरोबरच शिकवता येतो. आपल्या धुळे-जळगावात नळाला रोज पाणी येत नाही, तरी वुजू करताना तोटी सुरूच राहते. प्रेषित मुहम्मद (स.) लिटरभराहूनही कमी पाण्यात वुजू करत, असे हदीसमध्ये आले आहे. मुलाला लिटरभर पाणी लोट्यात द्या आणि ‘बघू, पुरते का?’ म्हणा. मुलांना ही शर्यत वाटते. उरलेले पाणी त्याच निंबाच्या रोपाला घालू द्या. पाणी वाचवण्यावरच्या दहा घोषणांपेक्षा हा लोटा जास्त शिकवतो.

सुटीच्या दिवशी फार लांब जायला नको. जळगावकरांना मेहरूण तलाव आहे. हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी उतरतात. धुळेकरांना लळिंगचे कुरण जवळ आहे. जाताना डबा घरचा न्या आणि पिशवीभर कचरा परत आणा. तिथे पोहोचल्यावर मुलांना भाषण देऊ नका, त्यांचे प्रश्न ऐका. उत्तर येत नसेल तर नानीला, गुराख्याला, भाजीवाल्या मावशींना विचारा. मोठी माणसेही विचारून शिकतात, हे मुलांना दिसू द्या.

या महिन्यात एवढेच करून पाहा: घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवरची पाच झाडे मुलाबरोबर ओळखा, उर्दू आणि मराठी दोन्ही नावांनी. उद्या त्यांतल्या एखाद्यावर कुऱ्हाड आली, तर ‘आमचे झाड का तोडता?’ असे विचारणारे मूल तुमच्याच घरातून निघेल.