औषधपत्रकाचा परदेशी वाचक

पनवेलची औषधनिर्मितीची परंपरा जुनी आहे. श्री धूतपापेश्वरची स्थापना येथे १८७२ साली झाली. पुढे १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाले आणि परदेशाची वाट आपल्या दारावरून गेली. तरीही नवपदवीधर वैद्यास वा फार्मसीतील साहाय्यकास औषधपत्रक लिहिण्यास शिकविताना वाचक आपल्याच गावचा गृहीत धरला जातो.

अनुसूची ई (१) मधील द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना इंग्रजी व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. येथील रुग्ण ती वाचून वैद्याकडे येतो. टोरांटोतील ग्राहक मात्र ती बाटली बहुधा तेथील ॲलोपॅथिक डॉक्टरांना दाखवील. त्यांना भल्लातक म्हणजे काय, त्याचे शोधन का करतात, हे कोठून ठाऊक असणार? पत्रक त्यांच्यासाठीही हवे.

नावांचा प्रश्न तर जिवाशी येतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन घटविण्यासाठी दिलेल्या चिनी वनस्पतींत स्टेफानियाऐवजी ॲरिस्टोलोकिया गेली. दोहोंची चिनी नावे मिळतीजुळती होती. शंभरावर रुग्णांची मूत्रपिंडे बिघडली. आपल्याकडे रास्ना म्हणून उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा, तर दक्षिणेत अल्पिनिया गलंगा वापरतात. पत्रकावर नुसते ‘रास्ना’ लिहून कसे भागेल?

यासाठी पाश्चात्त्य पाठ्यपुस्तक आणण्यापूर्वी तंत्रयुक्तींकडे पाहावे. चरकाने ३६ व सुश्रुताने ३२ सांगितल्या आहेत. आपण त्या परीक्षेपुरत्या पाठ करतो! त्यांतील ‘स्वसंज्ञा’ म्हणजे त्या शास्त्रातच विशिष्ट अर्थ असलेला शब्द. आम, अग्नी, अनुपान हे सारे असेच शब्द. पित्तास ‘बाइल’ म्हणून मोकळे होणारा लेखक स्वसंज्ञाच पुसून टाकतो.

देशोदेशीच्या कायद्यांची ओळखही वर्गात व्हावी. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार आहारपूरक म्हणून विकलेल्या वस्तूवर रोग बरा करण्याचा दावा चालत नाही. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशानुसार पारंपरिक नोंदणीसाठी ३० वर्षांचा वापर, त्यांपैकी साधारणतः १५ वर्षे संघातील, दाखवावा लागतो.

इंटर्नशिपमध्ये एक दुपार पुरेल. महारास्नादी काढ्याचे पत्रक तीनदा लिहवून घ्यावे: पनवेलच्या रुग्णासाठी, अमेरिकेतील ग्राहकासाठी, युरोपातील नोंदणी अधिकाऱ्यासाठी. नंतर ते आयुर्वेद न शिकलेल्या एखाद्या इंग्रजीच्या शिक्षकास वाचावयास द्यावे आणि जेथे तो अडेल तेथे त्यालाच पेन्सिलीने खूण करू द्यावी.