इंजिन दुसऱ्याचं, गाडी आपली

मूलच्या बॅचमध्ये एका भावाने विचारलं, "सर, बांबूच्या खुर्च्या बनवतो. गादी, नट-बोल्ट, पॉलिश सगळं बाहेरून आणावं लागते. 8 लाखांचं कर्ज काढून सगळं घरीच सुरू करू का?" त्याला इंग्लंडच्या कॅटरहॅम कंपनीची गोष्ट सांगितली. व्हिडिओत ती घाईत झाली, म्हणून इथे नीट लिहितो.

कॅटरहॅम म्हणजे मुख्यतः एकच गाडी, सेव्हन. दोन सीटची, पक्की दारं नाहीत, छत नावापुरतं. मूळ गाडी लोटस कंपनीची, कॉलिन चॅपमनने 1957 मध्ये आणलेली. 1973 मध्ये लोटसला ती नकोशी झाली, तेव्हा ती विकणाऱ्या ग्रॅहम नर्न या डीलरने बनवायचे हक्कच घेतले. आजही तीच गाडी विकून कंपनी चालू आहे.

आता मजा बघा. इंजिन यांचं नाही. काही मॉडेल्सना फोर्डचं, तर सेव्हन 170 ला सुझुकीचं 660 सीसीचं. फ्रेमसुद्धा अनेक वर्षं आर्च मोटर्स या दुसऱ्याच वर्कशॉपने वेल्ड केली. मग यांचं काय? गाडीत काय ठेवायचं नाही, हा निर्णय यांचा. 170 चं वजन साधारण 440 किलो. आपली अल्टो 700 च्या वर जाते. म्हणून एवढंसं इंजिनही तिला जोरात पळवते. गिऱ्हाईक त्या हलकेपणाचे पैसे देतो, इंजिनचे नाही.

दुसरी गोष्ट कराची. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून लोटस गाडी सुट्या भागांत विकायची, गिऱ्हाईक घरी जोडायचा. 1973 मध्ये व्हॅट आला आणि तो फायदा संपला. तरी कॅटरहॅमने सुटे भाग विकणं सोडलं नाही, कारण स्वतः जोडण्यातच लोकांना मजा येते. आपल्याकडे मुद्दा भाड्याचा आहे. गडचिरोलीहून नागपूरला आख्खी खुर्ची पाठवणं म्हणजे टेम्पोत हवा भरून नेणं.

धोकाही आहे हं. फोर्डचं छोटं सिग्मा इंजिन बंद झालं आणि त्यावरची मॉडेल्स कॅटरहॅमला थांबवावी लागली. बाहेरून घेताय तर दुसरा सप्लायर आधीच शोधून ठेवा.

त्या भावाला म्हटलं, गादी बाहेरचीच राहू दे. तुझ्या खुर्चीत कीड लागली तर लोक गादीवाल्याला नाही, तुला शिव्या घालतील. म्हणजे बांबूची प्रक्रिया आणि सांधे हेच तुझं काम. आधी चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात जाऊन ये, कर्जाचा फॉर्म नंतर भर. सुट्या भागांच्या खुर्चीचं भाड्याचं गणित पुढच्या व्हिडिओत मांडतो.