नव्या रंगातला जुना गेम अर्ध्यावर का सुटतो?

प्रतिनिधी

कॅनडातील बायोवेअर कंपनीचा 'बाल्डर्स गेट' हा रोल-प्लेइंग गेम १९९८मध्ये आला. २०१२मध्ये बीमडॉगने त्याची 'एन्हान्स्ड एडिशन' काढली. २०२३मध्ये 'बाल्डर्स गेट ३' गाजल्यानंतर मालिकेचे मूळ पाहावे, या उत्सुकतेने नवे खेळाडू या आवृत्तीकडे वळले आणि त्यांपैकी अनेकांनी पहिल्या काही तासांतच तिला रामराम ठोकला.

दोष चित्रांचा नाही. जुन्या वाड्याला रंग दिला, पण डोके आपटणारी चौकट तशीच ठेवली, असा हा प्रकार आहे. गेमचे नियम 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या दुसऱ्या आवृत्तीचे. तिसऱ्या भागात चिलखताचा आकडा जितका मोठा तितके संरक्षण अधिक. इथे नेमके उलटे, आकडा उतरेल तितके चांगले. नवा खेळाडू त्यामुळे भारी चिलखत टाकून हलके घेण्याची शक्यता असते.

वाराचे गणितही असेच छुपे. पहिल्या पातळीच्या साध्या योद्ध्याला पाच आकड्याचे चिलखत भेदण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा अधिक दान पडावे लागते. म्हणजे २०पैकी १४ वार वाया! त्यातच सहा सेकंदांच्या फेरीत खरा वार एकच. पडद्यावर तलवार सतत फिरते ती केवळ शोभेसाठी. हे ठाऊक नसलेल्याला गेमच बिघडला आहे, असे वाटते. जादूगाराची अवस्था तर केविलवाणी. त्याचे मूळचे प्राणांक जेमतेम चार, दुसऱ्या पातळीसाठी मात्र २५०० अनुभवगुण हवेत. नायक मेला की खेळ खलास.

१९९८च्या खेळाडूला हे जड गेले नाही, असे नाही. मात्र त्याच्या हाती खोक्यातून आलेली जाडजूड छापील पुस्तिका होती. आता ती फाइलच्या रूपात मिळते. ती उघडतो कोण? बीमडॉगने २०१६मध्ये 'स्टोरी मोड' ही अतिसोपी पातळी दिली खरी, पण ती मरणाची भीती काढते, नियम समजावत नाही. नियम बदलले असते तर जुने चाहते खवळले असते, हेही तितकेच खरे.

ज्यांना पुन्हा प्रयत्न करायचा आहे, त्यांनी जादूगाराऐवजी योद्धा निवडावा, वाटेत भेटणारे सोबती घ्यावेत आणि लढाई 'पॉज' करीत लढावी. 'फ्रेंडली आर्म इन'च्या पायऱ्यांवर एक मारेकरी जादूगार उभा असतो. तिथे पोहोचण्यापूर्वी गेम 'सेव्ह' केलेला बरा.